घरी पहिली मोटर: वेटोळ्याची की होमोपोलर?

दोन्हींना १.५ व्होल्टचा एक सेल पुरतो, पण काम अगदी वेगळं.

होमोपोलर मोटर पाच मिनिटांत होते. निओडिमियमच्या, म्हणजे फार जोरदार चुंबकाच्या, चकतीवर सेल उभा करायचा, तांब्याची उघडी तार वाकवून वरच्या टोकावर टेकवायची आणि तारेची खालची टोकं चुंबकाच्या कडेला हलकेच घासू द्यायची. तार गरगर फिरू लागते. मायकेल फॅरेडेने १८२१ मध्ये पाऱ्यात बुडवलेली तार चुंबकाभोवती फिरवली, त्याचंच हे घरगुती रूप. मात्र हा जवळजवळ शॉर्टसर्किटच असतो. सेल लगेच तापतो, म्हणून काही सेकंदांतच तार काढून घ्यावी.

वेटोळ्याची मोटर हट्टी. इनॅमलच्या (वीज अडवणारा लेप असलेल्या) तारेचे दहा-पंधरा वेढे, आधाराला सेलच्या दोन टोकांना जोडलेल्या दोन सेफ्टी पिना, खाली चुंबक. सगळी मेख टोकं खरवडण्यात आहे. एक टोक पूर्ण खरवडायचं, दुसरं फक्त एका बाजूने, अर्धंच. मी पहिल्यांदा दोन्ही टोकं लख्ख केली आणि वेटोळं नुसतं थरथरत राहिलं. कारण अर्ध्या फेरीनंतर बल उलटं लागतं. तेवढ्या वेळेपुरता प्रवाह तुटला तरच वेटोळं गतीच्या जोरावर पुढे सरकतं. हेच कम्युटेटरचं, म्हणजे दर अर्ध्या फेरीला प्रवाह बदलणाऱ्या भागाचं काम, आणि ते इथे बोटांना कळतं.

अगदी लहान मुलांना होमोपोलर दाखवा, तीही मोठ्यांनीच. ही चुंबकं गिळली गेली तर जिवावर बेततं. शिकायचं असेल तर मी बेलाशक वेटोळंच निवडेन.