'सिलिकॉनचं विष' काढतो म्हणाले आणि ५९,३०० रुपये काढून घेतले

आकडा आधी सांगून टाकते, कारण घरात तो अजून कोणाला नीट सांगितलेला नाही. ५९,३०० रुपये.

स्तनांतले सिलिकॉनचे इम्प्लांट, म्हणजे जेल भरलेल्या पिशव्या, २०१३ साली पुण्यात बसवले, गेल्या वर्षी काढले. का बसवले ते विचारू नका. पैसे माझे होते आणि शरीरही माझंच. काढल्यावरही थकवा, अंगदुखी, केस गळणं थांबेना. सांगलीत हे बोलणार कोणाशी? सासूबाईंना वाटतं गाठ काढली. आपल्या याच गप्प बसण्यावर या लोकांचा धंदा चालतो.

विश्रामबागेकडचं एक वेलनेस सेंटर. पांढऱ्या कोटातल्या मॅडमनी इतकं मन लावून ऐकलं की मला रडूच आलं. "ताई, पिशव्या काढल्या तरी विष हाडांत मुरलेलं असतं. सिलिकॉन जेल बनवताना प्लॅटिनम वापरतात, गूगल करा." केलं. खरंच वापरतात! एवढं खरं निघाल्यावर पुढच्यावर कोण संशय घेणार?

टेस्टचे १४,५००. सकाळी आधी एक कॅप्सूल दिली आणि सहा तासांची लघवी कॅनमध्ये जमा करायला सांगितली. इथे, अगदी इथेच पाय मागे घ्यायला हवा होता. तपासायच्या आधी गोळी कशाला? नंतर कळलं, ते औषध अंगातले धातू ओढून लघवीत आणतं. खाण्यापिण्यातून थोडं शिसं, थोडा पारा सगळ्यांच्याच अंगात असतो. गोळीनंतर तो आकडा फुगतो आणि रिपोर्टवर तुलना होते गोळी न घेतलेल्या माणसांशी. माझं शिसं लाल, पारा लाल, कॅडमियम पिवळं. प्लॅटिनमचा रकानाच नव्हता. चारही पानांवर सिलिकॉन हा शब्दसुद्धा नाही! आणि मी विचारलं काय, तर "मॅडम, सेशन किती लागतील?"

ग्लुटाथिओन नावाच्या अँटिऑक्सिडंटच्या सलाईनचं पॅकेज ३८,०००, डिटॉक्स पावडरीचे डबे ६,८००. पैसे कोणा पुरुषाच्या वैयक्तिक खात्यावर. बिल मागितलं तर "जीएसटी जादा पडेल हं ताई." डब्यावर फक्त एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नंबर, म्हणजे सरकारदरबारी तो खाऊ, औषध नव्हेच. पांढरा कोट दिसला की मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागा, लाजू नका. मला हसणाऱ्यांनी आधी महिनोन्‌महिने झोप न लागता जगून बघावं.

शेवटी मिरजेतल्या एका फिजिशियनकडे गेले. त्यांनी पहिलंच विचारलं, काढताना पिशवीभोवतीचं आवरण पॅथॉलॉजीला पाठवलं होतं का? पाठवलं होतं. रिपोर्ट माझ्याच फाईलमध्ये पडून होता, स्वच्छ. घाबरायचं ते बीआयए-एएलसीएल या दुर्मिळ लिम्फोमाला, म्हणजे इम्प्लांटभोवती होणाऱ्या एका कॅन्सरला, आणि तोही मुख्यतः खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटमध्ये. त्यापायीच २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामकाच्या सांगण्यावरून ॲलर्गन कंपनीने तसले इम्प्लांट जगभरातून परत मागवले. सूज आली, गाठ लागली, पाणी साठलं तर त्या पाण्यात या कॅन्सरच्या पेशी शोधायला सीडी-३० तपासणी करतात. लघवीच्या कॅनमध्ये ते दिसत नाही. म्हणून इम्प्लांटचं कार्ड आणि आवरणाचा रिपोर्ट जपून ठेवा, आणि तुमचे खरखरीत होते की गुळगुळीत, ते विचारून घ्या. काढल्यावर बऱ्याच जणींना बरं वाटतं, डॉक्टरही हे नाकारत नाहीत. पण थकवा इम्प्लांटमुळेच आला हे ठरवणारी टेस्ट आजतरी कुठेच नाही. विकणारे मात्र गल्लोगल्ली.

माझं हिमोग्लोबिन ८.९ निघालं, म्हणजे बरंच कमी. थायरॉईड, बी-१२ धरून सगळ्या तपासण्या १,८५० रुपयांत! आणि हो, त्या पावडरीत बायोटिन हे जीवनसत्त्व होतं, त्याने थायरॉईडचे आकडे चुकू शकतात. असलं काही घेत असाल तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना सांगा. मला दोन-तीन दिवस बंद करायला लावलं होतं.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस चौकीत बाकावर माणसं बसलेली, आणि साहेब मोठ्याने विचारतात, "काढलं म्हणजे नक्की काय काढलं?" महिला कर्मचारी आहेत का विचारलं तर जेवायला गेल्यात. मग म्हणे हे दिवाणी आहे. आरोग्याच्या कार्यालयात ऐकवलं, ते सेंटर दवाखाना म्हणून नोंदलेलंच नाही, मग आमच्याकडे कसं येईल? अहो, नोंद नाही हीच तर तक्रार आहे! तिसरीकडे औषधवाल्या टेबलावर म्हणाले, डबा म्हणजे खाद्यपदार्थ. खाद्यवाल्या टेबलावर म्हणाले, सलाईन काही खाद्यपदार्थ नाही. दोन टेबलांमध्ये एक कपाट आणि मी. अर्जावर शिक्का मागितला तर साहेब मीटिंगला. पोच घेतल्याशिवाय कागद सोडू नका, एकही नाही. या सगळ्यांचे पगार आपल्या करातून होतात, आणि मान खाली घालून बाहेर पडायचं आपण!

वकील भाची म्हणाली, मावशी, जिल्हा ग्राहक आयोगात जा. आपण दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षं. १९१५ या हेल्पलाईनवरही नोंद होते. मी आयोगात अर्ज टाकतेय. तुमच्यापैकी कोणी असल्या जागी पैसे भरले असतील तर पेमेंटचे स्क्रीनशॉट पुसू नका, रिकामे डबे भंगारात देऊ नका. सेंटरवाल्यांनी "मूळ रिपोर्ट आमच्याकडे राहू द्या" म्हटलं तर मुळीच देऊ नका. माझा मागायला परवाच फोन आला होता.