१० बाय ५० दुर्बीण: आठ महिने गच्चीत घालवल्यावर

दसऱ्याला ही दुर्बीण घेतली (१० म्हणजे दहा पट मोठं दिसतं, ५० म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिमीत), आता मे संपत आलाय, चांगली घासून वापरून झालीय म्हणून लिहितोय. त्याआधी खोक्यावर "५२५ पट" छापलेला ६० मिमीचा टेलिस्कोप ऑनलाइन घेऊन पस्तावलो होतो, एवढ्याशा भिंगाला फार तर १२० पटीपर्यंतच अर्थ असतो हे नंतर कळलं, आणि स्टँड असा लटपटायचा की चंद्र सापडेपर्यंत मावळेल की काय वाटायचं.

या दुर्बिणीतून पहिले दोन आठवडे सगळं जरा धूसरच दिसायचं. मी दुकानदाराला शिव्या घालत होतो. चूक माझीच, उजव्या डोळ्याच्या आयपीसला (डोळा लावतो त्या भिंगाला) वेगळी फोकसची रिंग असते ती मी फिरवलीच नव्हती! डावा डोळा मधल्या चाकाने, मग उजवा त्या रिंगने, एवढं केलं आणि कृत्तिका अशा टोकदार दिसल्या की बायकोला झोपेतून उठवून गच्चीत आणलं. अख्खा पुंजका एका नजरेत मावतो, मोठ्या टेलिस्कोपात तो मावत नाही.

खरा त्रास हात थरथरण्याचा. दहा पटीत प्रत्येक श्वास दिसतो, गुरूचे चार चंद्र (गॅलिलिओने १६१० मध्ये पाहिले तेच) नुसते नाचतात. कठड्यावर कोपरं टेकली की बरं, मित्राच्या ट्रायपॉडवर एल अडॅप्टर (दुर्बीण ट्रायपॉडला जोडायची एल आकाराची पट्टी) लावून बसवली की एकदम शांत, रोज रात्री चंद्रांच्या जागा बदललेल्या कळतात. पण डोक्यावरचं काही बघायचं तर ट्रायपॉड कुचकामी, मान मोडते, त्यापेक्षा सरळ चटईवर आडवं व्हायचं.

शनीची कडी दिसतील म्हणून घेणार असाल तर नका घेऊ. दहा पटीत नाही दिसत.

पुण्यातून देवयानी दीर्घिका (अँड्रोमेडा, आपल्या आकाशगंगेबाहेरचा ताऱ्यांचा प्रचंड समूह) म्हणजे असून नसल्यासारखी. दिवाळीत भंडारदऱ्याजवळ मावशीकडे गेलो तेव्हा लांबट डाग स्पष्ट दिसला, आईला दाखवला तर म्हणाली, "काच पुस रे आधी." २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला उजेड आहे म्हटल्यावर परत डोळा लावला, मग बराच वेळ दुर्बीण काही परत मिळाली नाही. मेच्या सुरुवातीला तिथेच रात्री साडेदहाच्या सुमारास दक्षिणेला नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी हा ताऱ्यांचा गोल गुच्छ पण सापडला, कापसाच्या बोळ्यासारखा, उत्तर युरोपातल्या लोकांना तो क्षितिजावर येतच नाही.

वजन पाऊण किलोच्या वर, गळ्यातला पट्टा काचतो, तो बदलला. चष्मेवाल्यांनी आयकपचं (डोळ्याशी टेकणाऱ्या कडेचं) रबर दुमडायचं, नुसता जवळचा नंबर असेल तर चष्मा काढूनही चालतं. पोरांच्या हातात दिवसा देऊच नका, चुकून सूर्याकडे वळली तर डोळा जाईल.

आता पावसाळा. जुन्या टेलिस्कोपच्या भिंगाला बुरशी धरली होती, म्हणून ही सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात जाईल. डबा फराळाचा आहे, त्यावरून घरात बोलणी चालू आहेत.