किवाचं गिफ्ट कार्ड दिलं, मनापासून आवडलं

सुट्ट्या आल्या की गिफ्ट काय द्यायचं हा प्रश्न असतोच, यावेळी बहिणीला किवाचं गिफ्ट कार्ड दिलं आणि खरं सांगते, जाम आवडलं. किवा ही २००५ साली सुरू झालेली ना-नफा संस्था, छोट्या व्यावसायिकांना, शेतकऱ्यांना कर्ज मिळवून देते. कार्ड ज्याला मिळतं त्यानेच किवाच्या साइटवर जाऊन त्यातले पैसे कोणाला कर्ज म्हणून द्यायचे ते निवडायचं, बहीण तासभर एकेकाची माहिती वाचत बसली, शेवटी एका शिवणकाम करणाऱ्या बाईला दिले, "हिला मशीन घ्यायचंय गं" म्हणाली. हप्ते फिटतात तसे पैसे खात्यात परत येतात, मग दुसऱ्या कोणाला तरी देता येतात!

एक मात्र नीट समजून घ्या, आपल्याला व्याज मिळत नाही पण कर्ज प्रत्यक्ष वाटणारी तिथली स्थानिक संस्था कर्जदाराकडून बहुतेकदा घेते, बऱ्याचदा कर्ज तिने आधीच दिलेलं असतं आणि आपले पैसे त्याची भरपाई करतात. कर्ज बुडूही शकतं. मला चाललं हे.

मागे एका दुकानातून "काही रक्कम दान" लिहिलेला कॉफीचा मग घेतलेला, किती आणि कोणाला ते कुठेच नव्हतं, फार वाईट वाटलेलं. इथे हप्ता आला की बहिणीला मेल येतो आणि ती लगेच मला स्क्रीनशॉट पाठवते.