मुक्काम लांबला तेव्हा कळलं: खोली उत्तम, रात्र वाईट

कामाच्या निमित्ताने गेले कित्येक महिने माझा आठवड्यातला बराचसा वेळ एकाच हॉटेलात जातोय. एखाद्या रात्रीपुरतं राहून गेलेल्यांचे अभिप्राय वाचून ते निवडलं होतं, आणि त्यांनी लिहिलेलं खोटं अजिबात नव्हतं. गादी चांगली आहे, बाथरूम स्वच्छ असतं, गरम पाण्यासाठी थांबावं लागत नाही, इंटरनेट दणदणीत चालतं. आवाजाबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नव्हता, आणि फोटोत आवाज दिसत नाही.

पहिल्या रात्री झोप नीट लागली नाही, ते मी मनावर घेतलं नाही. नव्या जागी तसं होतंच. ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिलं होतं की अनोळखी जागेतल्या पहिल्या रात्री मेंदूचा डावा भाग उजव्याइतका गाढ झोपत नाही, आवाजाला तो जास्त सावध राहतो. जागा सरावाची झाली की हा फरक जातो. इथे जागा सरावाची झाली, झोप तशीच राहिली.

माझी खोली लिफ्टच्या जवळ होती. लिफ्टचा आवाज खरं तर फारसा नाही, लिफ्टमधून उतरणाऱ्यांचा आहे. रात्री उशिरा गप्पा मारत येणारी मंडळी, चाकांच्या बॅगा, आणि मग दार. दारांना आपोआप बंद होणारे क्लोजर बसवलेत, पण ते कुणी नीट लावूनच दिलेले नाहीत. त्या यंत्राला एक स्क्रू असतो, तो फिरवला की दार शेवटच्या टप्प्यात हळू मिटतं. काम काही मिनिटांचं. इथे प्रत्येक दार धाडकन आपटतं आणि माझा पलंग हादरतो.

त्याहून वाईट म्हणजे शेजारच्या खोलीत उघडणारं मधलं दार. कुटुंबांना दोन खोल्या जोडून देता याव्यात म्हणून ते असतं. भिंत कितीही जाड बांधा, दाराखाली बोटभर फट राहिली की त्या जाडीचा उपयोग शून्य, कारण आवाज सगळ्यात सोप्या वाटेने येतो. शेजारचे कुठल्या बातम्या बघतात हे मला माहीत असायचं. बाथरूमच्या एक्झॉस्टचा डक्टही सामायिक असावा, कारण तिथून खोकला स्पष्ट ऐकू यायचा.

आणि मग खालचा बँक्वेट हॉल. ज्या दिवशी कार्यक्रम असेल त्या दिवशी गाण्याचे शब्द वर येत नाहीत, फक्त बेस येतो. कमी कंपनसंख्येचा आवाज काँक्रीटमधून सहज चढतो आणि इअरप्लगलाही फारसा जुमानत नाही. फोमचे इअरप्लग बोलणं, टीव्ही, भांड्यांची खणखण बऱ्यापैकी अडवतात, पण छातीत जाणवणारी धडधड नाही. तरीही तक्रार केली की रिसेप्शनकडून पहिलं उत्तर ठरलेलं: "मॅडम, इअरप्लग पाठवू का?"

फोनवरच्या ॲपने मी आवाज मोजून पाहिला. ॲप म्हणजे काही प्रमाणित मापक नव्हे, त्यामुळे माझे आकडे इथे देत नाही. पण आलेख बोलका होता: एसीची संथ, सपाट रेघ आणि तिच्यावर दार आपटल्याचे उंच सुळके. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत झोपण्याच्या खोलीसाठी सततच्या आवाजाची मर्यादा ३० डेसिबल आणि मध्येच होणाऱ्या एकेका आवाजाची ४५ डेसिबल अशी वेगवेगळी दिली आहे. त्या वेगळेपणाचं कारण मला त्या सुळक्यांनी शिकवलं. एसीची घरघर काही वेळाने कानाआड होते. दार दर वेळी नव्याने दचकवतं.

हे सगळं मी सहन केलं असतं. इमारत एकदा बांधली की तिची भिंत कोणी रातोरात बदलत नाही. डोकं फिरलं ते रिसेप्शनमुळे.

रात्री फोन केला की "चेक करून सांगतो". सांगायला कुणी फोन करत नाही. पुन्हा केला की तेच वाक्य, तोच नम्र सूर. खोली बदलून मागितली तर "आज फुल्ल आहे", आणि त्याच वेळी हॉटेलच्याच संकेतस्थळावर त्याच रात्रीच्या खोल्या विक्रीला असतात. हे दाखवल्यावर कळलं की रात्रपाळीच्या मुलाला खोली बदलून द्यायचा अधिकारच नाही. तो एकटा, वर मॅनेजर झोपलेला, आणि त्याला उठवायची परवानगी नाही. त्या मुलावर मी कधी आवाज चढवला नाही. त्याच्या हातात माफी मागण्यापलीकडे काही ठेवलेलंच नव्हतं.

सकाळी मॅनेजरला गाठावं तर, "रात्रीची काही नोंद दिसत नाही." पाळी बदलताना तक्रार पुढे जातच नाही. त्यामुळे माझी प्रत्येक तक्रार पहिलीच ठरायची, आणि पहिल्या तक्रारीला मिळणारं सांत्वनच दर वेळी मिळायचं. शेवटी एकदा खोली बदलली, ती त्याच मजल्यावर, चार दारं पलीकडे, तीही मधल्या दारासकट. ईमेलला उत्तर आलं की माझा अभिप्राय त्यांच्यासाठी मोलाचा आहे, आणि पुढच्या मुक्कामावर सवलत देऊ केली. ज्या खोलीत झोप लागत नाही तिथे आणखी स्वस्तात जागायचं!

काम झालं ते हाउसकीपिंगच्या एका ताईंकडून. त्यांनी न सांगता मधल्या दाराच्या फटीत जाड टॉवेलची गुंडाळी घट्ट बसवून दिली आणि कानात सांगितलं, "कॉरिडॉरच्या टोकाची मागा, जिन्यापासून एक सोडून. तिकडं हॉल खाली येत नाही." मी रात्रीच्या फोनऐवजी ईमेल पाठवायला लागले, म्हणजे वेळेसकट नोंद राहते, आणि त्या ईमेलांची साखळी पुढे करून ती खोली मिळवली. तेव्हापासून शेजारचा टीव्ही आणि बेस, दोन्ही बंद. दारं अजून आपटतात. स्क्रू अजून कुणी फिरवलेला नाही, मीच एकदा फिरवणार आहे.

इथे किंवा अशाच ठिकाणी लांबचा मुक्काम करणार असाल तर बुकिंगमध्येच लेखी टाका: मधलं दार नको, लिफ्टजवळ नको, हॉलच्या वर नको. आणि फोन करून विचारा की रात्री ड्यूटीवर असलेला माणूस खोली बदलून देऊ शकतो का. आढेवेढे घेतले तर दुसरीकडे बघा.

खोलीला पाचपैकी चार. स्वच्छतेला पाच, त्यातला एक ताईंचा. व्यवस्थापनाला एक, तोही रात्रपाळीच्या मुलाच्या सभ्यपणामुळे.