झीब्रा मिज की ग्रिफिथ्स नॅट: पहिलं चिलट कोणतं बांधाल?

ट्राउट मासा पकडायला गळावर दोरा-पीस गुंडाळून नकली माशा बांधायला नुकतीच सुरुवात केली असेल आणि साहित्य एकाच माशीचं आणायचं असेल, तर प्रश्न पडतोच. पाण्याखाली बुडणारी झीब्रा मिज, की वर तरंगणारी ग्रिफिथ्स नॅट? दोन्ही चिलटाच्याच नकला आणि दोन्ही २० नंबरच्या गळावर बसतात. नंबर वाढतो तसा गळ लहान होतो. २० नंबरचा साधारण आंबेमोहोराच्या दाण्याएवढा. माझं मत आधीच सांगतो: पहिली झीब्रा.

कारण पाण्यातच आहे. मी डेन्वरला राहतो. इथल्या साउथ प्लॅट नदीवर चीझमन धरणाखाली किंवा न्यू मेक्सिकोत नवाहो धरणाखालच्या सॅन व्हान नदीवर पाणी जलाशयाच्या खोलातून येतं. ते थंडीत फारसं गोठत नाही, उन्हाळ्यात तापत नाही, म्हणून चिलटं बारा महिने निघतात. (ही चावणारी चिलटं नव्हेत.) अळी तळाशी वाढते, तिचा कोष होतो, तो हळूहळू वर येऊन पाण्याच्या पापुद्र्याखाली लटकतो आणि तिथे त्यातून पंखवालं चिलट बाहेर पडतं. लटकलेल्या कोषाला पळता येत नाही. ट्राउटला आयता घास. झीब्रा म्हणजे हाच कोष. तिचा जन्मही अशाच पाण्यावरचा, ॲरिझोनातल्या ग्लेन कॅन्यन धरणाखाली, लीज फेरीला.

साहित्य म्हणाल तर वाकडा गळ, दीड मिलिमीटरचा मणी, काळा दोरा आणि बारीक चंदेरी तार. आधी गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करा, नाहीतर मणी पुढे सरकतच नाही. मग मण्यामागे तार बांधून वाकापर्यंत दोरा न्या आणि परत या. इथे बॉबिन (दोऱ्याचं रीळ धरायची दांडी) उलट दिशेने फिरवून दोऱ्याचा पीळ काढा. तो फितीसारखा चपटा बसतो आणि अंग मागे निमुळतं, पुढे किंचित जाड होतं. पीळ राहिला की गाठी उठतात आणि कोषाचं सुरवंट होतं. तारेचे पाच-सहा वेढे समान अंतराने घ्या, व्हिप फिनिश म्हणजे शेवटची गाठ मारा, झालं. माझ्या पहिल्या डझनात निम्म्यांच्या डोळ्यात, म्हणजे दोरी ओवायच्या भोकात, गोंद गेला होता आणि नदीवर कडाक्याच्या थंडीत दोरी ओवता येईना. तेव्हापासून गोंद सुईच्या टोकावर घेतो.

ग्रिफिथ्स नॅट दिसायला साधी, हाताला अवघड. तिचं नाव जॉर्ज ग्रिफिथ यांच्यावरून. १९५९ साली मिशिगनात ऑ सेबल नदीकाठच्या त्यांच्याच घरी ट्राउट अनलिमिटेड ही संस्था सुरू झाली. अंगाला मोरपिसाचा एक तंतू आणि त्यावर मागून पुढे गुंडाळलेलं काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं कोंबड्याचं पीस. मोरपीस गावाहून आणायचा मोह नको. भारतातून त्याच्या निर्यातीवर बंदी आहे, इथल्या दुकानात मिळतं तेच घ्या. तंतू नाजूक असतो, दोन-तीन मासे लागले की ट्राउटच्या दातांनी तुटतो, म्हणून तो दोऱ्याला पिळून मगच गुंडाळावा. पिसाचे केस गळाच्या तोंडाच्या (टोक आणि दांडीतल्या अंतराच्या) दीडपटीहून लांब नकोत. नवख्याचा हमखास घोळ म्हणजे डोळ्याशी जागा न ठेवणं. मग पीस, तंतू आणि गाठ एकमेकांवर चढतात. शिवाय चांगलं पीस महाग पडतं, तार आणि मणी त्यामानाने स्वस्त.

पण जानेवारीत दुपारी वारा पडला, संथ पाण्यावर चिलटांचे पुंजके जमले आणि ट्राउटची नाकं वर दिसू लागली, की झीब्रा त्यांच्या खालून निघून जाते. तेव्हा नॅटच हवी. एक पुंजका समजून मासा ती घेतो, आणि तो क्षण डोळ्यांनी पाहता येतो. खालून केस थोडे कातरले तर ती आणखी चपटी बसते.

तुमची नदी धरणाखालची असेल आणि वर्षातून चार-पाच फेऱ्याच होणार असतील, तर काळ्या आणि लाल झीब्रा डझनभर बांधा. हात बसला की नॅट घ्या. मग नॅटच्या गळाला दीड फूट दोरी लावून खाली झीब्रा सोडता येते. नॅट बुडाली की समजा, खालच्या चिलटाला मासा लागला.