तारांचा पिंजरा की काचेची टाकी?

घरात उंदरांचा वावर असेल, तर हॅमस्टरसाठी काचेची टाकीच अधिक सुरक्षित ठरते. सीरियन हॅमस्टरच्या पिंजऱ्यातील गजांमध्ये बहुधा १० ते १२ मिलिमीटर अंतर असते, आणि घरातला लहान उंदीर साधारण ६ मिलिमीटरच्या फटीतूनही आत शिरतो. तो नुसते दाणे पळवत नाही, तर त्याच्या मूत्रातून एलसीएमव्ही हा मेंदूच्या आवरणाला सूज आणू शकणारा विषाणू हॅमस्टरपर्यंत आणि पुढे माणसापर्यंतही पोहोचू शकतो. गुळगुळीत काचेवर उंदराची नखे टिकत नाहीत, मात्र वर बारीक, घट्ट बसणारी लोखंडी जाळी हवीच, कारण प्लास्टिकची तो सहज कुरतडतो. पिंजऱ्यात हवा चांगली खेळते, हे मान्य. टाकी मात्र मुंबईच्या मे महिन्यात उन्हाच्या खिडकीपासून दूरच ठेवावी लागते.