स्क्रूचे टॅपेट की हायड्रॉलिक? सोलापुरात जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी

जुनी गाडी घेताना किलोमीटर, टायर आणि कागदपत्रे सगळेच पाहतात. इंजिनात हवा घेणारे (इनटेक) आणि धूर बाहेर सोडणारे (एक्झॉस्ट) व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा, उघडणारी कोणती रचना वरच्या टॅपेट कव्हरच्या आत आहे, हे क्वचितच कोणी विचारते. गाडी काही वर्षे वापरायची असेल, तर हा प्रश्न विचारायला हवा, असे माझे मत आहे. दोन्ही प्रकारच्या गाड्या मी सोलापुरातच वापरल्या असल्याने पुढील मजकूर इथले ऊन, इथली धूळ आणि इथली गॅरेजे यांच्या अनुभवावर बेतलेला आहे.

कॅमशाफ्ट या फिरत्या दांड्यावरील उंचवटा, म्हणजे कॅम, रॉकर नावाच्या तरफेला ढकलतो आणि रॉकर व्हॉल्व्ह दाबून उघडतो. प्रश्न आहे तो रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यामधील फटीचा; ही फट सांभाळणारा भाग म्हणजे टॅपेट. इंजिन तापले की व्हॉल्व्हचा दांडा लांबतो, म्हणून थंड असताना त्याच्यासाठी जागा राखावी लागते. मारुती ८०० किंवा एका कॅमशाफ्टची आय-व्हीटेक होंडा सिटी यांत ही फट रॉकरच्या टोकावरील स्क्रूने ठरवली जाते. सिटीत ती इनटेकला ०.२ मिलिमीटरहून कमी आणि जास्त तापणाऱ्या एक्झॉस्टला ०.३ च्या आसपास असते. स्विफ्ट डिझेलच्या १.३ लिटर इंजिनासारख्या हायड्रॉलिक रचनेत फट ठेवतच नाहीत. तिथे ऑइलच्या दाबाने एक लहानसा प्लंजर वर सरकतो, त्याखालची गोळी ऑइलची परतीची वाट बंद करते आणि कोंडलेले ऑइल दाबले जात नसल्याने तो प्लंजर घट्ट आधारासारखा काम करतो. झीज झाली तरी तो आपोआप तेवढा वर येतो.

कागदावर हायड्रॉलिकच सरस ठरते, हे मान्य करायलाच हवे. सेटिंगची कटकट नाही, इंजिन शांत चालते, आणि रोज पुणे महामार्गावर धावणाऱ्या, वेळेवर ऑइल बदलल्या जाणाऱ्या गाडीत मालकाला ही रचना आहे याची आठवणही होत नाही. माझी हायड्रॉलिक टॅपेटची गाडी मात्र शहरात फिरणारी, मध्येच चार-आठ दिवस उभी राहणारी होती. उभ्या गाडीत ज्या व्हॉल्व्हची स्प्रिंग दाबलेली राहते, त्याच्या टॅपेटमधील ऑइल हळूहळू झिरपून जाते आणि सुरू करताच टक-टक ऐकू येते. काही सेकंदांत ती थांबली, तर काळजीचे कारण नसते. माझ्या गाडीत ती थांबायला वेळ लागू लागला, आणि पुढे उन्हाळ्यात, इंजिन पूर्ण तापून आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता जागेवर सुरू) असतानाही ती ऐकू येऊ लागली.

माझा निर्णय ज्या त्रासामुळे झाला, तो हाच. आवाजापेक्षा त्याचे कारण कोणालाच ठामपणे सांगता येत नव्हते, याचा मनस्ताप जास्त होता. ऑइलची पातळी कमी असेल, तर हा आवाज येतो. जास्त असेल, तरी क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, ते घुसळून त्यात हवा मिसळते आणि प्लंजर स्पंजासारखा दबतो. ऑइल पातळ असू शकते, पंप थकलेला असू शकतो, टॅपेटमध्ये कचरा अडकलेला असू शकतो. एका मिस्त्रींनी फ्लश, म्हणजे इंजिन आतून धुणे, सुचवले, दुसऱ्यांनी जाड ऑइल, तिसऱ्यांनी टॅपेटचा पूर्ण सेट बदलायला सांगितला. तिघेही आपापल्या जागी चूक नव्हते. माझ्या इंजिनात सेट बदलायचा, तर कॅमशाफ्ट काढावा लागणार होता, आणि त्यानंतरही दोष पंपात निघाला असता, तर सगळा खर्च वाया गेला असता.

स्क्रूच्या टॅपेटमध्ये ही अनिश्चितता जवळजवळ नसते. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला (दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात तिथे) आणायचा, फिलर गेजचे, म्हणजे ठरावीक जाडीच्या मापपट्टीचे, पाते फटीत सरकवायचे आणि ते हलकेसे ओढत, पण न अडकता बाहेर आले, की माप बरोबर आहे असे समजायचे. स्क्रू पेचकसने धरून वरचा नट आवळताना तो किंचित फिरतो आणि फट बदलते. म्हणून चांगला मिस्त्री नट आवळल्यावर पाते पुन्हा घालून पाहतो. नवा मिस्त्री निवडताना मी याच कृतीकडे लक्ष देतो.

याचाही त्रास आहेच. हे काम थंड इंजिनावर करायचे असते, आणि होंडाच्या सूचनेनुसार सिलिंडर हेडचे तापमान ३८ अंशांच्या खाली हवे. एप्रिल-मे महिन्यांत सोलापुरात दुपारी हवाच चाळिशी ओलांडते, त्यामुळे गाडी आदल्या संध्याकाळी गॅरेजमध्ये सोडून सकाळी लवकर काम करून घेण्यावाचून गत्यंतर नसते. शिवाय सैल टॅपेट वाजते, पण घट्ट झालेले गप्प बसते. सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांत व्हॉल्व्हची सीट (मिटताना तो टेकतो ती कडा) झिजून व्हॉल्व्ह आत रुतत जातो, त्याचा दांडा रॉकरकडे सरकतो आणि फट नाहीशी होते. मग व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह मुख्यतः सीटला टेकूनच थंड होत असल्याने तो जळतो. हायड्रॉलिक टॅपेट ही झीज बऱ्याच अंशी सांभाळून घेते, आणि सीएनजीवर भरपूर धावणाऱ्याला हा फायदा मोठा वाटला, तर मी त्याच्याशी वाद घालणार नाही.

मारुतीच्या के-सिरीज इंजिनांतील बकेट, म्हणजे वाटीसारख्या, टॅपेटमध्ये फट असते, पण स्क्रू नसतो. वेगळ्या जाडीचे टॅपेट बसवण्यासाठी कॅमशाफ्ट काढावा लागतो. ती वेळ फार उशिरा येते, म्हणून या तुलनेत ती रचना बाजूला ठेवली आहे.

मी सध्या स्क्रूच्या टॅपेटची गाडी वापरतो आणि वापर मुख्यतः शहरातला, अधूनमधून अक्कलकोट-तुळजापूरपुरता असेल, तर तीच घ्यावी, असे सुचवेन. गाडी कोणतीही पाहायला गेलात, तरी सकाळी जा आणि आपण येईपर्यंत ती सुरू करू नये, असे मालकाला आदल्या दिवशीच कळवा. बॉनेटला हात लावून इंजिन थंड असल्याची खात्री करा, पहिला स्टार्ट स्वतः ऐका, आणि वीसेक मिनिटे चालवून आणल्यावर आयडलवर पुन्हा ऐका. हायड्रॉलिक असेल आणि तापल्यावरही टक-टक येत असेल, तर ऑइल कोणत्या ग्रेडचे घातले, याची बिले मागा. ती मिळाली नाहीत, तर मी तरी तो सौदा करणार नाही.